चार सेकंद उशिरा

“म्युझिक चार सेकंद लेट शुरू करो,” सेफ्टी मॅनेजर हिंदीत म्हणाले. “हुक निकालता है ना, वहाँ से.”

रियाधच्या ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसलो होतो. मॅनेजर, माझा लेबनीज बॉस जॉर्ज आणि मी. मी मूळचा सांगलीचा. आधी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. गेली नऊ वर्षं रियाधमध्ये कंपन्यांच्या फिल्म्सना बॅकग्राउंड म्युझिक देतो. बँकेची जाहिरात, टॉवरचं उद्घाटन, असलं काहीबाही. या वेळी सेफ्टीची फिल्म होती. या मॅनेजरांच्या कंपनीच्या अल खफजीतल्या यार्डात इब्राहिम नावाचा रिगर, म्हणजे अवजड सामान क्रेनला बांधणारा कामगार, उंचावरून पडून मरण पावला होता. दापोलीकडचा माणूस. सीसीटीव्हीचं ते फुटेज कंपनीला बाकीच्या कामगारांना दाखवायचं होतं.

फुटेज मुकं होतं आणि तो पडायच्या आधीच थांबत होतं. इब्राहिम उंच मचाणावर उभा आहे. कमरेच्या पट्ट्याचा हुक बाजूच्या पाइपाला अडकवलेला. खाली कोपऱ्यात सुपरवायझर जोरात हात हलवतो, यल्ला, चल, पलीकडे जा. पट्ट्याला हुक एकच, तो काढल्याशिवाय सरकता येत नाही. चार सेकंदांनी इब्राहिम हुक काढतो.

आमच्या धंद्यात आधी ठरतं म्युझिक कुठून सुरू करायचं. त्याला स्पॉटिंग म्हणतात. वाद्य कोणतं, सूर कोणता, हे सगळं नंतर. शांततेत एकदम सूर आला की माणूस त्या क्षणी पडद्यावर जे हलत असेल तेच बघतो, आणि जे होतं त्याचं कारणही तेच धरून चालतो. मी चेलोचा एक जाड, खालचा सूर सुपरवायझरच्या हातावर टाकला होता. मॅनेजरना तो इब्राहिमच्या हातावर हवा होता.

“मग सगळी चूक त्याचीच वाटेल,” मी म्हणालो.

“हुक किसने निकाला?” त्यांनी विचारलं.

जॉर्जने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “फोर सेकंड्स, माय फ्रेंड. खलास.”

माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. सांगायला हे कारण बरं आहे. खरं म्हणजे मला वाद घालायचा कंटाळा आला होता. मी सूर माउसने धरला आणि पुढे सरकवला. चित्राला कोणी हातसुद्धा लावला नाही.

शुक्रवारी दुपारी खफजीच्या कॅम्पात, मेसमध्ये फिल्म दाखवली. स्पीकर नीट लागलेत का बघायला मला पाठवलं होतं. दोनेकशे माणसं बसली होती. सुपरवायझरने हात हलवला तेव्हा हॉलमध्ये कोणी हललं नाही. मग माझा सूर आला आणि सगळ्या माना वर झाल्या. “अरे, खुद ही खोल दिया!” कोणीतरी ओरडलं. माझं काम चोख झालं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाहेर एक चाळिशीचा माणूस माझी वाट बघत होता.

“तुमी मराठी ना? मी नासिर. इब्राहिम माझा चुलतभाऊ.”

“हो, सांगलीचा,” मी म्हणालो.

“मी खालीच होतो त्या दिवशी. सुपरवायझरने त्याला तिकडं जायला सांगितलान, म्हणून त्याने हुक काढलान. इथं सगळ्यांना मी हेच सांगत होतो. मानत पण होते. आज दोन मिनिटांत फिरले.”

“पण सुपरवायझरचा हात दिसतो ना चित्रात,” मी म्हणालो.

“दिसतो. बघितलान कोणी? तो आवाज तिथंच का घातलात?”

“कंपनीने सांगितलं.”

“सुपरवायझर पण हेच बोलला,” तो म्हणाला.

तसं कोणी आजवर मला बोललं नव्हतं, आणि त्याने तर आवाजही चढवला नव्हता.

रियाधला आल्यावर मी जॉर्जकडे फिल्म बदलायचा विषय काढला. अप्रूव्ह झालेली फिल्म पुन्हा उघडत नाहीत, असं उत्तर मिळालं. मग मी माझी पहिली आवृत्ती, सुपरवायझरच्या हातावर सूर असलेली, गुपचूप नासिरला पाठवली. तेवढंच मनाला बरं वाटलं.

आठवड्याने त्याचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. “ही बरोबर हाय, साहेब. पण मी दाखवायला गेलो की लोक बोलतात, भावासाठी म्युझिक बदलून आणलंस. गावी पण कॅम्पात दाखवलेलीच पोचली, कोणीतरी मोबाइलवर काढून पाठवलान. इब्राहिमच्या पोराने बघितली. आता तो बापाचं नाव काढत नाय.”

नव्या कामगारांना पहिल्या दिवशी अजून तीच फिल्म दाखवतात. नव्या ग्राहकांना दाखवायच्या आमच्या शोरीलमध्येही ती आहे. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की सूर कुठून सुरू व्हायला हवा हे कळत असेल तर सूर सरकवण्याआधी भांडा. नंतर पाठवलेली बरोबर फाइल खोटी वाटते.