म्याओकाकांच्या खाटेखालचं भांडं
गावात बोलवा अशी की, म्याओकाकांच्या खाटेखाली तीन हजार वर्षांपूर्वीचं अस्सल काशाचं भांडं आहे आणि ते विकलं तर लुओयांग शहरात चार मजली घर उभं राहील.

साफ खोटं. भांडं आहे, पण ते वयाने माझ्यापेक्षाही लहान. जुन्या राजांच्या भांड्यांच्या नकला ओतायच्या आणि नकला म्हणूनच विकायच्या, हा आमच्या अख्ख्या गावाचा धंदा. खाटेखालचं तीन पायांचं भांडं काकांच्या मुलाने, होउशेंगने, पहिल्यांदा एकट्याने ओतलेलं. एक पाय आखूड, त्यामुळे ते डुगडुगतं.

एक व्यापारी ते मागायला आला होता. अगदी नाकातून म्हणाला, "काका, वाकडं आहे म्हणूनच जुनं दिसतं हो."

"ज्याचं आहे त्याला विचारा," काका म्हणाले. "अंगोलात रस्ते बांधतोय."

दरवर्षी वसंतोत्सवाआधी, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाआधी, काका होउशेंगची गादी उन्हात टाकतात. सण उलटला की तशीच गुंडाळून ठेवतात.

काकांचं काम भांड्यांना म्हातारपण आणायचं. मीठ-व्हिनेगर चोळून ती मातीत पुरायची, की जुन्यासारखा हिरवा गंज चढतो. दुसऱ्यांचं काम बघून नाक मुरडतात, "हिरवं बघ कसं, भिंतीला रंग दिल्यासारखं. म्हातारपण काय असं सगळीकडे सारखं येतं?"

मीही नकला करतो, पण माणसांच्या. शाळेतल्या बाईंची केली की काका हसून डोळे पुसतात. यंदा होउशेंगची गादी वाळत होती तेव्हा तेच म्हणाले, "आमच्या होउशेंगची कर बघू."

तो घोगरा आवाज, बोलण्याआधीचं ते खाकरणं. होउशेंगच्या सख्ख्या मावशीला फसवलं होतं मी त्यावर. "फोनवर केली तर तुम्हीपण फसाल," मी म्हटलं.

"लाव पैज. वाडगाभर मटण सूप."

दोन दिवस जाऊ दिले, मग मामाच्या फोनवरून काकांना लावला. खाकरलो. "बाबा, मी. यंदा सणाला येतोय."

वाटलं, जिंकलो.

"आवाज झकास जमलाय, कार्ट्या," काका म्हणाले. "पण तो 'येतोय' म्हणत नाही. 'बघतो' म्हणतो."

हरलो. फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. सूप सोडणार नाही मी. पण एकदा 'बघतो' म्हण."

"बघतो, बाबा."

"हं," काका म्हणाले. "जेवलास का?"

"जेवलो," मी त्याच घोगऱ्या आवाजात म्हणालो.