सिलिंगला घाम

माझ्या नवऱ्याला दुसऱ्याच्या घरातलं काहीही आवडतं, आणि आवडलं की ते आपल्या घरी कधी येतं असं त्याला होऊन जातं. मांडव्याकडे एका बंगल्याची वास्तुशांत होती. त्याच्या ऑफिसातल्या साहेबांची ओळख, म्हणून यालाही बोलावणं. जेवण कसं होतं असं मी विचारलं, तर हा सिलिंगबद्दल सांगायला लागला. त्या बंगल्याचं सिलिंग म्हणे दाणेदार आहे, वाळू चिकटवल्यासारखं, आणि दिवा लावला की त्यावर बारीक बारीक सावल्या पडतात. त्याला टेक्श्चर म्हणतात, हेही त्याने मला समजावून सांगितलं. मी हायस्कूलवर भूगोल शिकवते. खडबडीत पृष्ठभागाला इंग्रजी नाव दिलं की तो बघण्यासारखा होतो, हे मला नवीन होतं.

त्या बंगलेवाल्यांचं ठीक आहे. शुक्रवारी मुंबईहून रोरो बोटीतून गाडीसकट उतरायचं, दोन दिवस उताणं पडून सिलिंग बघायचं आणि रविवारी परत जायचं. जळमटं काढायला त्यांच्याकडे माणूस असतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे मी.

पण एकदा डोक्यात घेतलं की हा ऐकतो कुठे. चौलात आमचं वाडीतलं साधं स्लॅबचं घर, त्यातली बाहेरची खोली त्याने टेक्श्चरसाठी निवडली. आल्यागेल्याला दिसायला हवं ना. त्याच खोलीत सासूबाईंची खाट आहे. त्यांना रस्त्यावरून कोण गेलं ते ऐकू यायला हवं असतं, आणि न्हाणीघरही तिथून जवळ. खाटेवर पडलं की तेच सिलिंग डोक्यावर, याचा विचार करायला कुणाला वेळ होता?

दुकानात तयार माल मिळत होता. पण रंगारी बोलता बोलता म्हणाला, "यात काय असतं, वाळूच की." झालं. नवऱ्याचे डोळे चमकले. वाळू आपल्याकडे काय कमी आहे? दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून हा स्कूटरच्या पुढ्यात वाळूची पिशवी घेऊन हजर. माणूस जन्मला चौलात, वाढला चौलात. घराच्या कामाला समुद्राची वाळू वापरत नाहीत, हे इथल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे. मी तसं म्हटलं, तर मला उत्तर मिळालं, "अगं, हे बांधकाम थोडंच आहे? हा रंग आहे." रंगाऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मालकाची वाळू मालकाच्या रंगात कालवून टाकली.

पावसाळ्यात सिलिंगला घाम फुटला. मीठ हवेतला ओलावा ओढतं, हे मी सातवीच्या मुलांना सांगते. सकाळी वर बघावं तर दाण्यादाण्याला थेंब. एक थेंब बोटावर घेऊन मी नवऱ्याला चाखायला लावला. तो म्हणाला, "दमट हवा आहे यंदा." पाऊस गेल्यावर घाम सुकला आणि वाळू गळायला लागली. चहात, उशीवर, तपासायच्या पेपरांवर, सासूबाईंच्या केसांत. रोज खाट झटकायची आणि रोज तेवढीच वाळू. त्यावर त्याचं एकच पालुपद होतं, की आईला आवडतं. पाहुणे आले की हा मुद्दाम विचारायचा, "कसं वाटतं गं आई सिलिंग?" आणि त्या म्हणायच्या, "लय छान हाय." मग माझ्याकडे विजयी नजर.

दिवाळीनंतर सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दुसरा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला, म्हणजे जे काही दिसायचं ते या एकाच डोळ्याने. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून बजावलं, ऑपरेशननंतर धूळ नाही, कचरा नाही, डोळ्यात कणसुद्धा जाता कामा नये. जंतू शिरले तर डोळा हातचा जाईल. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत होता.

मी म्हटलं, आई आमच्या खोलीत झोपतील. त्यांनी साफ नकार दिला. "पट्टी बांधलेली, खोली नवी, आणि मी धडपडले म्हंजे? माझ्या खाटेवरनं मला न्हाणी हातानं गावते." खरंच होतं ते. मग सिलिंग काढायचं, हे उघड होतं. मला उघड होतं. नवऱ्याने खाटेच्या वर चार दोऱ्यांनी चादर बांधली. लग्नाचा मांडव घातल्याच्या थाटात मागे सरून तो बघत राहिला. आठवड्यात चादर वाळूच्या वजनाने पोटासारखी खाली आली. तरी त्याचं चालूच, "आईला इतकं आवडतं, ते खरवडून काढायचं म्हणजे..."

सासूबाई खाटेवर बसून वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कुठं दिसतंय रं ते? तू इचारतोस म्हणून मी म्हंते छान हाय."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. वर्षभर ज्या एका प्रेक्षकावर याची सगळी मिजास चालली होती, त्या प्रेक्षकाला पंखासुद्धा दिसत नव्हता. मी हसले नाही. हसायला तोंड उघडलं असतं तर वाळू गेली असती.

रंगारी मिळेना. सगळे मांडवा-किहीमच्या बंगल्यांवर, टेक्श्चर लावायला. शेवटी आम्ही दोघांनीच काम काढलं. सासूबाईंची खाट तेवढ्यापुरती आमच्या खोलीत आली, आणि प्रत्येक वेळी त्यांचा हात धरून त्यांना न्हाणीपर्यंत न्यायचं काम कुणाकडे आलं ते सांगायला नको. वाडीत फवारणीसाठी नवा पंप आणला होता, अजून त्यात औषध शिरलं नव्हतं. तो पाठीला लावून मी सिलिंग पाण्याने भिजवायची आणि नवरा स्टुलावर चढून पत्र्याने खरवडायचा. भिजलेली वाळू ओल्या भातासारखी लगद्याने खाली पडायची, निम्मी जमिनीवर, निम्मी त्याच्या डोक्यावर. मला त्या दृश्याचा कंटाळा आला नाही.

वाळू निघाली तरी खार आत मुरलेला होता. तो गोड्या पाण्याने पुसून, सुकवून, परत पुसून काढायला हवा, हे मी सांगितलं. त्याला घाई. मी शाळेत गेले तेवढ्यात त्याने ओल्यावरच लांबी ओढली, भोकं बुजवायचा तो पांढरा लगदा. संध्याकाळी ती पापडासारखी सुटून खाली आली. मी कोपऱ्यातली बादली उचलून त्याच्यासमोर ठेवली. न बोलता काय काय सांगता येतं ते संसारात कळतं. मग त्याने विहिरीचं पाणी आणलं, फडकं घेतलं आणि निमूट पुसत बसला. सुकू दिलं, लांबीचे हात दिले, काचपेपरने घासलं, प्रायमर लावला, पांढरा रंग दिला. शेवटी सिलिंग झालं, पहिलं होतं तसं. एवढा खटाटोप करून आम्ही जिथे होतो तिथे परत आलो, आणि नवरा वर बघून म्हणतो, "फिनिशिंग छान आलंय." त्याला लाज कशी ती नाहीच.

ऑपरेशन नीट झालं. सासूबाई घरी आल्या, काळा चष्मा लावून आपल्या खाटेवर पडल्या. मी खोली दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसत होते आणि डोळ्यात थेंब घालत होते. सिलिंगवरून काही पडलं नाही. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळा एकदम स्वच्छ आहे, आता घरात चष्मा काढला तरी चालेल." ते ऐकून मी तिथल्याच बाकड्यावर बसले.

घरी आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि उताण्या पडून वर बघत राहिल्या. नवरा शेजारी येऊन उभा. त्याला राहवतंय कुठे? "कसं वाटतं गं आई?"

"सपाट हाय," त्या म्हणाल्या. "बरं हाय."

मग त्यांनी मान वळवली. थेंबांची बाटली घेऊन मी खाटेपाशी आले होते. माझा चेहरा त्यांनी नीट पाहिला त्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. त्यांनी तो सावकाश पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"सूनबाय, तू त्याच्याकडं अशी तोंड वाकडं करून का बघतेस गो?"

"आई, मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते," मी म्हटलं. "तुमच्याकडे बघत होते. आणि तोंड वाकडं केलेलं नाही मी."

त्यांनी हात लांब करून मला जवळ ओढलं आणि परत पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"म्हंजे तुझं तोंडच तसं झालंय व्हय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला असता तर मी काहीतरी बोलले असते, मला चांगलं सुचतं अशा वेळी. तो हसला नाही. त्याने खाली बघत माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण काढलं आणि आईच्या डोळ्यात थेंब घालायला वाकला.