वाळवंटातल्या दरीचा बेत
नव्या बुटांच्या रबराचा वास आला की मला वडिलांचा तो उन्हाळा आठवतो. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले वडील अमेरिकेत माझ्या बहिणीकडे जाणार होते. तिच्या गावाजवळच्या वाळवंटात लाल खडकांची खोल दरी आहे. त्या राष्ट्रीय उद्यानात पायवाटेनं तळापर्यंत उतरायचा त्यांचा बेत होता. "तिथं ऊन फार असतं, बाबा," बहीण फोनवर म्हणाली. "सोलापूरच्या माणसाला उन्हाचं भ्या घालतीस व्हय?" ते हसले. सरावासाठी रोज पहाटे नवे बूट घालून ते तळ्याकाठी चालायचे. एकदा माझ्यासोबत चालताना ते छाती धरून कट्ट्यावर बसले. गार वाऱ्यातही सदरा घामानं भिजला होता. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. बहीण रडवेली होऊन म्हणाली, "यंदा नको बाबा, पुढच्या वर्षी नक्की." ते एवढंच म्हणाले, "बरं. दरी कुटं पळून जाती?" त्या दिवाळीआधीच ते गेले. परवा मी बहिणीकडे राहून आलो. पाहुणे आले की ती त्यांना दरीचा रस्ता समजावते, बरोबर डबा देते आणि स्वतः घरी थांबते. मला तिनं रस्ता सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.