एकाच पंधरवड्यातले

बांधकामावर एखादा गडी घमेलं घेऊन फळीवरून वर चढताना दिसला की मी मान फिरवतो. बायको विचारते, तुम्हाला उंचीची भीती वाटते का काय? मल्लखांब शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हा प्रश्न! मी हसतो आणि विषय बदलतो.

मी आणि माझा मित्र, दोघं एकाच वस्तीवरचे, एकाच पंधरवड्यात जन्मलेले. आमच्या घरी मेंढरं, त्याच्या घरी कोयता. दिवाळी झाली की त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि तो आमच्या चुलीपुढं माझ्या शेजारी जेवायला बसायचा. वडवणीच्या शाळेत सरांनी आम्हाला मल्लखांबावर घेतलं तेही एकाच दिवशी. सातवीपर्यंत एकाची चड्डी दुसऱ्याला बसायची.

आठवीच्या उन्हाळ्यात त्याचं अंग भरलं. खांदे रुंदावले, आवाज फुटला, ओठावर मिसरूड आलं. माझं काहीच झालं नाही. पोरं त्याला म्हणायची, "लई घोडा झालास की बे!" आणि मला विचारायची, "तुजे दुधाचे दात तरी पडलेत का?" मला राग यायचा. पण खांबावर न्याय उलटा होता. मांड्यांत खांब आवळून हात सोडायचे, त्याला आम्ही अढी म्हणतो. माझ्या हलक्या अंगाला ती सहज जमायची. तो मात्र घसरायचा. काल जमलेली उडी त्याला आज जमेना. आमच्यात खरा खेळाडू तोच, हे मलाही ठाऊक होतं, म्हणून त्याचं घसरणं बघवत नव्हतं.

सर त्याला म्हणायचे, "घाबरू नको. हाडं पुढं पळालीत, ताकद मागून येतीय. एक वर्ष दम धर, मग तुला कुणी अडवत नाही." मला म्हणायचे, "तू फार उडू नको. तुझंही हेच व्हायचंय." त्याला ते एक वर्ष मिळायला हवं होतं. बाकी काही नको होतं.

त्याच्या आईचं आदल्या वर्षी पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिच्यानं आता मोळी उचलेना, म्हणजे कोयता अर्धाच राहिला, आणि मुकादम दुसरा अर्धा शोधत फिरत होता. निघायच्या दिवशी सकाळीच तिनं त्याला माझ्यादेखत बजावलं, "ट्रकाजवळ आलास तरी कशाला हात लावू नको. मागं हुबा ऱ्हा."

तो मागंच उभा होता. ज्वारीचं पोतं चढवताना दोन गडी ट्रकाला लावलेल्या फळीवर अडकले. फळी लवत होती, त्यांचे पाय लटपटत होते आणि लोक हसत होते. याला राहवलं नाही. पोतं पाठीवर घेऊन तो चढला. मधे त्यानं दोन्ही हात सोडले. वर पोचल्यावर पोतं टाकून एका पायावर अशी गिरकी घेतली, जशी आम्ही खांबावरून उतरताना घ्यायचो. शिट्ट्या वाजल्या. उन्हाळ्यापासून हरवलेला तोल त्याला त्या फळीवर सापडला होता. त्याचा चेहरा इतका आनंदी मी पुन्हा कधी पाहिला नाही.

मुकादमानं तंबाखू थुंकली. "ह्यो कुनाचा?"

"लेकरू हाय त्ये," त्याची आई पुढं आली. "शाळेत हाय."

"लेकरू? मिसरूड बग की त्याचं."

तिनं इकडंतिकडं पाहिलं, माझा दंड धरला आणि मला ओढून मुकादमापुढं उभं केलं. "ह्यो बगा! ह्यो बी त्याच्याच वयाचा हाय. येकाच पंधरवड्यातले हायेत दोगं. बगा की, लेकरंच हायेत!"

मुकादमानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी खांदे आत घेतले, मान खाली घातली, होता येईल तेवढा लहान झालो. मला वाटलं, आपण पुरेसे लहान दिसलो तर तो वाचेल.

"ह्याचं अजून व्हायचंय," मुकादम हसला. "त्याचं झालं."

मुकादमाची उचल घेऊन बसलेला त्याचा बाप मातीकडं बघत राहिला. संध्याकाळी ट्रक निघाला तेव्हा बापाशेजारी पोत्यांवर तो बसला होता. त्याच्या आईनं एवढंच विचारलं, "कावून उचललंस रे?"

"जमलं की गं, आये," तो फुटक्या आवाजात म्हणाला.

उन्हाळ्यात परतल्यावर सरांनी त्याला खांबापाशी नेलं. त्यानं तळहात टेकवला आणि काढून घेतला. उसाच्या पाचटानं चिरलेल्या हाताला खांबावर चोळलेलं एरंडेल झोंबलं असेल. सर म्हणाले होते तशी ताकद आली होती, अगदी वेळेवर आली होती. खांबाकडं मात्र तो पुन्हा आला नाही.

मला मिसरूड फुटलं अकरावीत. मग मी असा वाढलो की त्याच्यापेक्षा वीतभर उंच झालो. तो तेव्हा होता तेवढाच राहिला. आता सरांच्या जागी मी शिकवतो. एखाद्या पोराचा आवाज फुटला की माझ्या दंडात त्याच्या आईची बोटं रुततात. ती जाऊन बरीच वर्षं झाली, बोटं काही सुटत नाहीत.

त्याचं लग्न लवकर झालं. त्याचा पोरगा आता माझ्याकडं शिकतो. बापावर गेलाय, बाराव्या वर्षीच मिसरुडानं ओठ काळवंडलाय. यंदा दिवाळीनंतर मी त्याला न्यायला वस्तीवर गेलो तर ट्रक भरत होता. फळी लावलेली होती. पोरगा तिच्याकडं टक लावून बघत होता. ती नजर मी ओळखतो.

बापानंही ओळखली. खांद्यावरचं पोतं तिथंच टाकून तो आला, पोराचं तोंड हातानं दुसरीकडं वळवलं आणि त्याला माझ्या मोटारसायकलवर बसवलं.

"घिऊन जा बे," तो हळूच म्हणाला. "तेलगावच्या रोडनं नको. तिकडं बी ट्रक भरायलेत."

मी किक मारली. थोडं पुढं गेल्यावर मागून पोरगा म्हणाला, "सर, त्या फळीवर मला हात सोडून जाता येतंय."

मी गाडी आतल्या वाटेनं घातली.