शेरूचा सागवानी पिंजरा

मंडळी, आत्ता नागपूर विमानतळावरून घरी परत आली. डोकं अजून तापूनच आहे.

तुम्हाले माहीत आहे, मले जर्मनीत नर्सची नोकरी लागली. माझ्या वासराएवढ्या कुत्र्याले, शेरूले, सोबत नेणार होती. विमान कंपनीच्या बाईले फोनवर खोदून खोदून विचारलं. तिचं एकच, "पिंजरा मजबूत पाहिजे. कुत्र्याला आत उभं राहता, वळता आलं पाहिजे."

आमच्या राजुऱ्याकडे मजबूत म्हणजे बिबट्याले न तुटणारा. बाबांनी सुताराकडून सागवानाचा करून घेतला. म्हणे, "बिबट्यानं पंजा मारला तरी फळी हालाची नाई!"

आज काउंटरवरचा माणूस म्हणतो, "पिंजऱ्यासकट वजन जास्त होतंय. कुत्रा जाणार नाही."

अरे, पिंजऱ्याचंही वजन धरता, हे तेव्हाच सांगाले काय झालं होतं? वरून म्हणतो, "कुत्र्याला इथे सोडा, तुम्ही जा." सोडा म्हणजे? जास्तीची बॅग आहे काय तो? मी पण नाई गेली. चढवलेलं सामान परत काढाले लावलं.

घरी येऊन पिंजरा अंगणात उतरवला, तर शेरू धावत जाऊन पुन्हा आत बसला. बाहेर यायलेच तयार नाई. कारण मीच त्याले इतके दिवस पोळी दाखवून शिकवलं, की यात बसलं म्हणजे आपण दोघं सोबत जातो.

सांगा आता, काय सांगून बाहेर काढू त्याले?