अक्का, रेस!

माझ्या मेव्हण्याएवढा घाईनं पळणारा आणि कुठंच न पोचणारा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा सापडायचा नाही. मी तीस वर्षं बस चालवली, नाना तऱ्हेची माणसं आरशातून बघितली, तेव्हा हे उगाच म्हणत नाही. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकलाय, टक्कल पडलंय, पोरगी कॉलेजात जाते. पण बसला की त्याचा उजवा गुडघा हलायला लागतो तो उठेपर्यंत हलतो. आमच्या चारकोपच्या घरातला दिवाण त्या गुडघ्यानं भिंतीपासून वीतभर पुढं आलाय. ही होती तेव्हा दर दिवाळीला ढकलून मागं लावायची. "माझा भाऊ आला की भूकंप येतो," म्हणायची आणि लगेच चहा टाकायला आत जायची. तो चहा त्यानं जन्मात कधी पुरा प्यायला नाही. अर्धा कप तसाच ठेवून "येतो दाजी" म्हणत जिना उतरलेला असायचा. कुठं चाललास विचारलं तर त्यालाही ठाऊक नसायचं.

रिक्षात बसला की तो बरोबर ड्रायव्हरच्या मागं बसतो आणि प्रत्येक वळणाला सगळं अंग त्या बाजूला टाकतो. वर तोंडानं चालू असतं, "आता! आता घाल! बाजूनं घे रे!" एकदा अंधेरीला रिक्षावाल्यानं गाडीच बंद केली आणि मला म्हणाला, "काका, ह्यांना पुढं बसवू का? मी मागं बसतो." बँकेत रांग लावली तर दर दोन मिनिटाला रांग बदलतो. लग्नाच्या पंगतीत भात वाढून व्हायच्या आत शेजारच्या ओळीत गेलेला असतो, का तर ती ओळ पुढं सरकतेय. अरे, पंगत कधी सरकते का? आणि सगळ्यात मोठं खूळ म्हणजे डावीकडचं. दोन रस्ते दिसले की तो डावा धरणार. दोन दरवाजे असले की डावा. हॉस्पिटलात हिच्या वॉर्डला लिफ्टमधून उतरून उजवीकडं जायचं. हा रोज आधी डावीकडं जायचा आणि बाळंतिणींच्या वॉर्डातून शिव्या खाऊन परत यायचा. ही हसायची. शेवटी शेवटी तेवढ्यालाच हसायची.

अशा माणसाला गाडी येत नाही. माझ्यासारख्या ड्रायव्हरचा मेव्हणा, आणि लायसन नाही! मी त्याला शिकवायचं ठरवलं होतं. एका मित्राची जुनी गाडी मागून घेतली आणि रविवारी सकाळी आरे कॉलनीत नेला. तो रस्ता माझ्या पायाखालचा, तिथं मी वर्षानुवर्षं बस नेलेली. ह्यानं स्टिअरिंग धरलं आणि मी बघतच राहिलो. हात असे फिरत होते की माझ्या डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांनी मान खाली घालावी. पण गाडी हलेना. म्हटलं, "रेस दे की." तर म्हणतो, "द्या ना." मी म्हटलं, "मी कुठून देऊ? पाय तुझे आहेत." तो खाली वाकून स्वतःच्या पायांकडं असा बघायला लागला, जसं कोणी दुसऱ्याचे पाय तिथं ठेवून गेलंय. मग दाबला तो असा दाबला की आम्ही तबेल्याच्या कुंपणात. एक म्हैस आमच्याकडं बघत रवंथ करत होती, तिनं रवंथ थांबवला नाही. पुढं लायसनच्या परीक्षेतही तेच. साहेबांनी आठचा आकडा काढायला सांगितला. ह्यानं जागच्या जागी स्टिअरिंगवर झकास आठ काढला. इंजिन बंदच. घरी आल्यावर मी त्याला वाटेल ते बोललो. ही मात्र पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं, भावाची लाज वाटली. हसत होती ती. का हसत होती, ते मला कळायला ती जावी लागली.

ती गेली त्याला तीन आठवडे झाले होते. माझं घरात मन लागत नव्हतं. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, एवढाच माझा रूट. जेवायला बसलो तर उठायचो, झोपलो तर उठायचो. आणि एक दिवस सव्वाचारला, पहिली पाळी सुटल्यावर, मेव्हणा एक मोठं खोकं घेऊन आला. तो इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लॅस्टिकच्या मशीनवर आहे. मला वाटलं कारखान्यातलं काही असेल. तर आतून निघालं एक स्टिअरिंग, दोन पेडलं आणि एक डबी. टीव्हीला जोडायची. आपल्या तरुणपणी पार्लरमध्ये जे व्हिडिओ गेम असायचे, त्यातला गाडीचा एक जुना गेम कुठल्याशा कंपनीनं जसाच्या तसा पुन्हा काढलाय. तीच लाल उघडी गाडी, तेच डोंगर, तेच टुंग टुंग गाणं.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "लाज आहे का? घरात सुतक असल्यासारखं वातावरण आणि तू खेळणी आणतोस?"  त्यानं स्टिअरिंग टेबलाला आवळलं आणि पेडलं उचलून माझ्या पायापुढं ठेवली.

"हे काय?"

"पायाचं अक्काकडं असायचं, दाजी," तो म्हणाला. "आता तुम्ही."

मग त्यानं सांगितलं ते असं. आमचं नवीन लग्न झालेलं. घाटकोपरला डोंगरावर दहा बाय दहाची खोली. सासऱ्यांनी ह्याला शिकायला आमच्याकडं ठेवलेला, वय वर्षं नऊ. खाली स्टेशनच्या बाजूला एक पार्लर होतं, त्यात बसून चालवायची गाडी होती. ह्याचे पाय पेडलापर्यंत पोचायचे नाहीत. मग माझी बायको, एकोणीस वर्षांची, साडी खोचून त्या मशीनच्या खाली उकिडवी बसायची आणि दोन हातांनी पेडलं दाबायची. तिला वरचं काही दिसायचं नाही. हा वरून ओरडायचा, "अक्का, रेस! अक्का, सोड! अक्का, ब्रेक!" आणि ती आंधळी दाबायची. आठ महिने. मी ड्युटीवर असताना.

मी ऐकत होतो आणि मला हिचे तळहात आठवत होते. काळे. रॉकेलच्या रांगेत उभी होते म्हणायची, कॅनचं लागलं म्हणायची. मी वर तिला बोलायचो, की तुला रांगेत एवढा वेळ कसा लागतो. चाळीस वर्षं संसार केला. मी समजत होतो हिचं मला न ठाऊक असं काही नाही. आणि ही बाई घाटकोपरात गाडी पळवत होती, आणि घरात ड्रायव्हर म्हणून मी मिरवत होतो! मला राग आला का हसू आलं, अजून ठरत नाही.

"तिनं एकदाच विचारलं होतं," मेव्हणा म्हणाला. "शेवटी काय आहे रे तिथं? मी म्हटलं, पोचलो की सांगतो. आम्ही कधी पोचलोच नाही दाजी. टाइम संपायचा. मग पार्लर बंद झालं. आणि आता हॉस्पिटलात मला म्हणते, काय रे, शेवटी काय होतं ते सांगितलंच नाहीस. मी त्याच दिवशी हे मागवलं. हे यायला उशीर झाला."

गुडघा हलत होता. दिवाण हलत होता. मी म्हटलं, "लाव."

हिच्या वर्षाचं पुण्यानुमोदन व्हायच्या आत पोचायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. भन्ते येतील, माणसं जमतील, त्याआधी अक्काला सांगून झालं पाहिजे. रोज सव्वाचारला आम्ही दोन म्हातारे दिवाणावर चिकटून बसायचो. त्याचे हात, माझे पाय. आणि रोज वाट लागायची. त्याला कारण मी. तीस वर्षांत मी एका माणसाला खरचटू दिलं नाही. माझ्या पायाला समोर ट्रक दिसला की तो ब्रेकवरच जातो, मी सांगून ऐकत नाही.

"दाजी, सोडू नका ना!"

"समोर ट्रक आहे, आंधळ्या!"

"असू दे ना ट्रक! मी घेतो बाजूनं!"

"बाजूनं घ्यायला जागा कुठाय? रस्ता काय तुझ्या सासऱ्याचा आहे?"

तेवढ्यात टाइम संपायचा. त्या गेममध्ये दर थोड्या अंतरानं रस्त्याला फाटा फुटतो, डावा नाहीतर उजवा, आणि प्रत्येक फाट्याला थोडा वेळ वाढवून मिळतो. डावीकडून गेलं तर जरा सोपं पडतं. त्याचं जन्माचं खूळ कुठनं आलं ते मला तेव्हा कळलं. चार फाटे गेले की शेवट. आमची गाडी दुसऱ्या फाट्याच्या पुढं जाईना. शेजारचे विचारायला लागले, की काका, दुपारी भांडण कोणाचं असतं? त्याची पोरगी एकदा बघायला आली. म्हणाली, "पप्पा, ह्यात गाडी मागं घेऊन परत चालवता येते. टाइम बंद पण करता येतो. नाहीतर सरळ मोबाइलवर बघा ना, शेवटापर्यंत कोणीतरी खेळलेलं असेलच." ह्यानं तिला भजी आणायला खाली पाठवली. मग मला म्हणतो, "बघितलं तर बघितलं, दाजी. पोचलो थोडंच?" मला हे पटलं. बसमध्ये झोपलेला माणूसही डेपोत येतोच, पण त्याला कोणी ड्रायव्हर म्हणत नाही.

वर्ष भरायला आठवडा उरला. त्या दिवशी तो आला आणि बसलाच नाही. खोलीतल्या खोलीत फिरत होता. "नाही होत दाजी. उगाच तुम्हाला त्रास. पॅक करतो."  वर्षभर मी घड्याळात सव्वाचारच तेवढे बघत होतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी स्वयंपाकघरात गेलो. पोळ्या लाटताना ही ज्यावर बसायची, तो पाट होता. तो आणला, टीव्हीकडं पाठ करून टेबलाशेजारी खाली मांडला आणि त्यावर बसलो. गुडघे कडाकडा वाजले. पेडलं हातात धरली.

"दाजी, अहो काय करता? दिसणार नाही तुम्हाला."

"तिला दिसत होतं का? बस. आणि ओरड."

आधी तो घाबरून हळूच सांगत होता, "दाजी, रेस द्या... दाजी, जरा सोडा..." मी म्हटलं, "लग्नाचं आमंत्रण देतोस का? ओरड!" मग जे सुरू झालं! रेस! सोड! ब्रेक! रेस, रेस, रेस! पहिला फाटा गेला, दुसरा गेला. मला ट्रक दिसत नव्हता, दरी दिसत नव्हती, काही दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त त्याचं तोंड. टक्कल घामानं चमकतंय, जीभ दातात, डोळे एवढे मोठे. पन्नाशीचा बाप्या नऊ वर्षांचा दिसत होता. आणि मला वाटलं, ही आठ महिने खाली बसून हेच बघत असणार. तिला रस्ता काय करायचा होता?

तिसऱ्या फाट्यानंतर तो ओरडला, "अक्का, रेस!"

त्याला कळलं नाही तो काय बोलला. मी दाबलं. चौथा फाटा गेला. हाताला मुंग्या आल्या, मनगट भरून आलं, मी दाबून धरलं. मग ते टुंग टुंग गाणं बदललं. हळू झालं. मेव्हण्यानं स्टिअरिंग सोडलं. त्याचा उजवा गुडघा माझ्या नाकासमोर होता. तो हलत नव्हता.

"दाजी, वळा. बघा."

"मला नको. तू तिला सांग."

हिचा फोटो टीव्हीच्या वर भिंतीला आहे. त्यानं वर बघितलं.  "अक्का," म्हणाला, "एक कमान आहे. कमानीखालून गेलं की गाडी आपली आपण थांबते. दोन्हीकडं माणसं उभी आहेत. आपल्याला ओळखत नाहीत, तरी हात हलवतात. लांब समुद्र आहे. आणि पुढं रस्ता तसाच जातोय अक्का, पण आपल्याला जाऊ देत नाहीत." एवढंच. सावकाश बोलला. एवढं सावकाश बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मी वळलो नाही. माझे हात पेडलावर होते, काढवेनात.

मग मी चहा केला. तो त्यानं पुरा प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि चालत जिना उतरला. मी गॅलरीतून बघत राहिलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कसलीच घाई नव्हती, आणि मला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले, साडेचार झाले. तो आला नाही. दिवाण जागचा हलला नाही.

पुण्यानुमोदन झालं. माणसं जेवून गेली. तो भांडी आवरायला थांबला होता. ते खोकं न्यायला कोपऱ्यात गेला तेव्हा मी म्हटलं, "ठेव तिथंच. आपण सगळे फाटे डावीकडनं घेतले ना?"

"हो."

"मग उजवीकडनं गेलं तर शेवट वेगळा असेल."

"असेल. पाच आहेत म्हणे, दाजी. पण उजवीकडं अवघड असतं. टाइम पुरत नाही."

"तिनं विचारलं तर काय सांगशील? एकच बघितला?"

 मग त्याचा गुडघा हलायला लागला. आता रोज चार वाजता मी पाट मांडून ठेवतो. जिन्यावर पावलं वाजतात, दोन दोन पायऱ्या एकदम. चहा मी अर्धाच कप टाकतो.