मत कुणाला दिलं, हे विचारत फिरताना

अहवालात आकडे जातात, माणसं जात नाहीत. मी सांगलीत राज्यशास्त्र शिकवते आणि निवडणूक आली की सातारा-सांगलीच्या गावांतून प्रश्नावली घेऊन फिरते. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराचे चार चौकोन असतात. चौकोनात जे बसत नाही ते समासात लिहायचं. समास कुणीच वाचत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत माझ्याकडे कपाटभर समास साठलाय! आमच्या विभागातले साळुंखे सर माझ्याबरोबर गावोगाव हिंडायचे. परवा ते रिटायर झाले. निरोपाच्या चहाला सगळे म्हणाले, "मॅडम, सांगा की एखादा किस्सा." एकावर थोडंच भागतंय!

* * *

लोणंदचा बाजार. कांद्याच्या पोत्यावर एक म्हातारबाबा निवांत बसलेले. मी प्रश्नावली काढली.

"बाबा, सर्व्हे आहे. तुमचं नाव लिहिणार नाही. यंदा मत कुणाला?"

त्यांनी मला आणि साळुंखे सरांना नीट न्याहाळलं. "तुमी कुणाची मानसं?"

"कुणाचीच नाही, बाबा. आम्ही कॉलेजातून आलोय."

"आसं व्हय! मग कालेज कुणाचं?"

साळुंखे सर तोंड फिरवून हसायला लागले. मला हसता येईना. आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्याच निवडणुकीला उभे होते!

* * *

कडेगावजवळचं एक गाव. बाई जोंधळा निवडत होत्या. मी त्यांना विचारलं की उत्तर त्यांचा नवरा द्यायचा. पहिल्या प्रश्नाला तो बोलला, दुसऱ्याला बोलला, तिसऱ्याला प्रश्न पुरा व्हायच्या आत बोलला. शेवटी मी म्हटलं, "दादा, मला यांचं उत्तर पाहिजे. तुमचं नंतर घेते."

माणूस भला होता. "आसं म्हंता? बरं." उठून गोठ्याकडं गेला.

मी आवाज खाली आणला. "आता सांगा ताई. कुणी ऐकत नाही."

"त्यांनी सांगिटलंय तेच लिवा."

"पण ते तुमचं मत आहे का?"

सुपातला एक खडा उचलून त्यांनी लांब फेकला. "मॅडम, तुमच्या फॉर्मात मी पाच मिन्टं ऱ्हानार. हितं जलमभर ऱ्हायचंय."

अहवालात मी लिहिलं, 'पती-पत्नींच्या मतदानात लक्षणीय साम्य आढळते.' त्या वाक्याचं परिसंवादात कौतुक झालं.

* * *

एक माजी आमदार. नाव नको, माणूस अजून आहे आणि फार चांगला आहे. विधानसभेतल्या प्रश्नांवर माझं काम चाललं होतं. जुन्या कामकाजाचे खंड चाळताना जिथं तिथं यांचं नाव. पाणी, एसटी, दवाखान्यातलं सर्पदंशाचं औषध. मंत्र्याला उत्तर देता येईना इतके नेमके प्रश्न! आणि पुढच्याच निवडणुकीला गडी पडला, तोही दणकून.

मी घरी गेले. त्यांनी सगळे प्रश्न आणि उत्तरं फाइलींना लावून ठेवली होती. एकेक काढून दाखवत होते, शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे. मी विचारलं, "साहेब, इतकं काम करून पडलात कसे?"

"मॅडम, मी सभागृहात प्रश्न विचारत होतो तवा माझा विरोधक हितं मयतीला जात होता."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते फाइलीची गाठ बांधत म्हणाले, "अधिवेशन चालू असताना माझा सख्खा चुलता गेला. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. खांदा त्यानं दिला! मग मतं कुणाला पडायची?"

* * *

आता अन्सारभाईंचा. अन्सारभाई म्हणजे सांगलीच्या एका दैनिकातले जुने वार्ताहर. नोकरी गेल्यावर घरी बसून उमेदवारांच्या बातम्या लिहून द्यायचे. त्या 'बातम्या' जशाच्या तशा छापून यायच्या.

निवडणुकीतल्या बातम्यांचा अभ्यास करताना मला एकाच दिवशी तीन पेपरांत एकच मजकूर सापडला. मथळा तोच, स्वल्पविराम तेच, आणि चूकही तीच. 'तळमळीचा कार्यकर्ता' असं हवं होतं तिथं तिन्हीकडं 'मळमळीचा कार्यकर्ता'!

कात्रणं घेऊन मी अन्सारभाईंकडं गेले. म्हटलं, "भाई, तुमच्यासारख्याच्या हातून ही चूक?"

"चूक न्हाई मॅडम, मुद्दाम घातली. म्हटलं बगू, तिघांत एकतरी संपादक वाचतोय का."

"आणि उमेदवार? तो काही बोलला नाही?"

"बोलला की. लय खूश झाला. कात्रणं लॅमिनेट करून घेतल्यात त्यानं!"

एवढं बोलून अन्सारभाई हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. या माणसानं एके काळी एका बातमीपायी मार खाल्ला होता, पण बातमी मागं घेतली नव्हती.

* * *

हा माझ्या स्वतःच्या फजितीचा. मतदानाला चार दिवस राहिले असताना व्हॉट्सअॅपवर माझा फोटो फिरायला लागला. खाली लिहिलेलं, 'राज्यशास्त्राच्या ज्येष्ठ अभ्यासकांचा सर्व्हे! अमुक उमेदवार प्रचंड आघाडीवर!' असला सर्व्हे मी केलाच नव्हता. मी केलेल्या सर्व्हेत तर तो उमेदवार मागं होता.

पोलिसांत गेले. ते म्हणाले, "फोटो तुमचाच हाय न्हवं?" पेपरात गेले. त्यांनी खुलासा छापला, दशक्रियेच्या जाहिरातीखाली. दोन दिवस दिसेल त्याला सांगत सुटले की हे खोटं आहे. लोक म्हणायचे, "आता पलटी मारताय व्हय, मॅडम?"

निकाल लागला. तोच उमेदवार निवडून आला. खोटा सर्व्हे खरा ठरला आणि माझा खरा सर्व्हे खोटा!

महिन्याभरात शिरवळच्या एका हॉलमध्ये विजयी सभेचं बोलावणं आलं. 'अचूक अंदाज वर्तवल्याबद्दल' माझा सत्कार. स्टेजवर जाऊन माईकवरून खरं काय ते सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. हातात शाल आली, नारळ आला, टाळ्या वाजल्या. माईकवर मी म्हणाले, "धन्यवाद."

साळुंखे सर परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

आणि एक शेवटचा. हा मी कुठल्याच अहवालात घातला नाही.

ग्रामपंचायतीला पडलेल्या बायकांच्या मुलाखती घेत होते. त्यात सुनंदाताई. त्यांना सबंध वॉर्डात एकच मत पडलं होतं. एक!

उभ्या का राहिल्या, तर ग्रामसभेच्या रजिस्टरात त्यांची सही होती, आणि त्या सभेला त्या गेल्याच नव्हत्या. भर सभेत त्यांनी विचारलं, "माजी सही कुनी केली?" कुणी उत्तर देईना. म्हणून सत्तेतल्या पॅनेलच्या विरोधात एकट्यानं अर्ज भरला.

मी गेले तेव्हा सगळं घर सोप्यात जमलं. मी भीतभीतच मताचा विषय काढला.

नवरा लगेच म्हणाला, "ते माजं हो. घरधनीन हाय, मी न्हाई द्यायचं तर कुनी?"

दीर म्हणाला, "दादा, कशाला खोटं बोलतूस? वैनीला मत म्या दिलंय."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आरं गप ऱ्हावा. माज्या सुनंचं चिन्ह मला पाठ हुतं. बटन म्या दाबलं." मग माझ्याकडं वळून कौतुकानं सांगू लागल्या, "आवं, मतदानाच्या आदल्या दिशी पॅनेलचं अण्णा सोता घरी आलतं. लय मोठा मानूस! हितंच बसून चा प्यालं. थोरला नातू त्येंच्याच कारखान्यात टेंपररी हाय न्हवं, त्येची चौकशी केली. पाठीवर हात ठिवून गेलं."

थोरला मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "आईला मत मीच दिलं," आणि आत निघून गेला.

सुनंदाताई चहाच्या कपबशा गोळा करत होत्या. मी निघाले तशा मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. गाडीचं दार उघडून मी आत बसणार, इतक्यात त्यांनी माझा दंड धरला.

"मॅडम, ते एक मत कुनाचं हाय, मला खरंच ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर माजं न्हवतं."